बेरीज सांगा, आकडा सांगू नका!



आज आधी एक कोडं घालते. सीमा, फातिमा आणि जाई या तीन मैत्रिणी. तिघींना मिळून ६० रुपयांचा चेंडू घ्यायचा आहे. प्रत्येकीच्या गल्ल्यात थोडे थोडे पैसे साठलेत. मिळून साठ भरतात का, एवढंच त्यांना बघायचं आहे. पण आपल्या गल्ल्यात नेमके किती आहेत, हे एकीलाही दुसरीला सांगायचं नाही. जिच्याकडे थोडे आहेत तिला लाज वाटते आणि जिच्याकडे जास्त आहेत तिला धास्ती वाटते. जास्त दिसले की उसने मागणारे लगेच येतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल! मोठ्या माणसाच्या कानात सांगून त्याच्याकडून बेरीज करून घ्यायची, तर तेही नको. मोठी माणसं जेवता जेवता सगळं बोलून जातात. आणि वर आणखी एक अट. प्रत्येकीनं आपला आकडा सांगायचा तो भर चौकात, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे कोडं घातलं, तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, आकडा न सांगता बेरीज होईलच कशी?" तुम्हीही तेच म्हणाल. पण होते बरं का!

युक्ती ऐका. चौकात जाण्याआधी तिघींनी जोडीजोडीनं भेटून घ्यायचं. एक डबा घ्यायचा, त्यात ०० पासून ९९ पर्यंत शंभर चिठ्ठ्या. सीमा आणि फातिमा यांनी डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, दोघींनीच बघायची, लक्षात ठेवायची आणि परत डब्यात टाकून डबा चांगला खुळखुळवायचा. समजा, त्यांना ५८ आली. मग फातिमा आणि जाई यांना आली ७३. जाई आणि सीमा यांना २९. आता जोडीतल्या एकीनं ती संख्या आपल्या पैशात मिळवायची आणि दुसरीनं तीच आपल्या पैशातून वजा करायची. आकडेमोडीचा नियम एकच, शेवटचे दोनच अंक ठेवायचे. शंभराच्या वर गेलं की शेकडा सोडून द्यायचा. वजा करताना कमी पडलं की शंभर उसने घ्यायचे, आणि ते परत करायचे नाहीत. (अशी उसनवारी फक्त गणितातच चालते!)

सीमाकडे आहेत १२. तिनं ५८ मिळवले, ७० झाले, २९ वजा केले, उरले ४१. फातिमाकडे ३५. तिनं ७३ मिळवले, १०८ झाले, ५८ वजा केले, उरले ५०. जाईकडे २०. त्यातून ७३ जात नाहीत, म्हणून शंभर उसने. १२० वजा ७३ म्हणजे ४७, त्यात २९ मिळवून ७६. आता तिघी चौकात उभ्या राहतात आणि ओरडून सांगतात : ४१! ५०! ७६! बेरीज १६७. शेकडा सोडला, राहिले ६७. आता खरे पैसे मिळवून बघा. १२, ३५ आणि २०. तेच ६७! चेंडू येतो आणि वर सात रुपये उरतात. का जमलं, ते पेन्सिल घेऊन पडताळा. प्रत्येक चिठ्ठी एकदा मिळवली गेली आणि एकदा वजा झाली, म्हणून बेरजेत ती आपोआप नाहीशी झाली.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. सीमा चौकात ४१ म्हणाली. गावातल्या सर्वांत हुशार माणसानं ते ऐकलं. त्याला तिच्या गल्ल्याबद्दल काय कळलं? तो विचार करतो, हिच्याकडे १२ रुपये असतील तर चिठ्ठ्यांमुळे २९ वाढले असणार. हिच्याकडे काहीच नसेल तर ४१ वाढले असणार. हिच्याकडे ५० असतील तर ९१ वाढले असणार, म्हणजे १४१, शेकडा सोडून ४१. ज्या ज्या रकमेचा विचार करावा, तिच्याशी जुळणारी एक वाढ असतेच. आणि डब्यातल्या शंभरही चिठ्ठ्यांना वर यायची सारखीच संधी होती. म्हणजे ४१ ऐकण्याआधी त्याला जेवढं माहीत होतं, तेवढंच ऐकल्यानंतरही माहीत आहे. शेवटी तिघींची बेरीज कळली तेवढीच काय ती नवी माहिती.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण आपल्याला गुपित म्हटलं की कुलूप आठवतं. बॅगेला तीन आकड्यांचं कुलूप असतं ना? ते उघडायला जास्तीत जास्त हजार वेळा चाकं फिरवावी लागतात. चोराकडे वेळ असेल तर ते उघडतंच. आपल्या फोनमधले संदेश ज्या कुलपांत बंद होऊन जातात, त्यांतलीही बरीचशी अशीच, फक्त फार मोठी. त्यांतलं एक प्रसिद्ध कुलूप गुणाकाराचं आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून अशी एक १२९ अंकी संख्या वाचकांपुढे ठेवली होती. तिचे दोन अवयव शोधा आणि १०० डॉलर मिळवा! याला अब्जावधी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. ती फुटली १९९४ मध्ये. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक तिच्या मागे लावले आणि अवयव बाहेर आले. अब्जावधी वर्षांचं काम सतरा वर्षांत झालं.

सीमाच्या ४१ चं तसं नाही. उद्या कितीही वेगवान संगणक आला, तरी तो ४१ मधून १२ काढू शकणार नाही. कुलूप मजबूत आहे म्हणून नव्हे. पेटी रिकामी आहे म्हणून! ज्यात माहितीच नाही, त्यातून शोधणार काय? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. माहिती मोजता येते, वजन किंवा लांबी मोजतो तशी, हे त्यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी त्यांचा गुप्त संदेशांवरचा लेख छापून आला आणि त्यात या रिकाम्या पेटीची सिद्धता आहे. तिची किंमतही त्यांनी सांगून ठेवली आहे. जेवढं लांब गुपित, निदान तेवढीच लांब चिठ्ठी आधी गुपचूप वाटून घ्यावी लागते. फुकट काही मिळत नाही.

म्हणूनच आमच्या वर्गातल्या एका मुलानं जेव्हा विचारलं, "बाई, चिठ्ठ्यापण चौकातच काढल्या तर?" तेव्हा मला फार आनंद झाला. नेमकं मर्मावर बोट! उत्तर असं की मग काही उपयोग नाही. सीमाचं बोलणं जसं फातिमाला ऐकू येतं, तसंच सगळ्या गावाला येतं. फातिमाला जे कळेल ते गावाला कळेल. आधी थोडीतरी कुजबुज लागतेच. नाही तर मग पुन्हा ती कुलपं आहेतच.

चिठ्ठीचा दुसरा नियम : एक चिठ्ठी एकदाच. समजा, सीमा दुसऱ्या दिवशीही त्याच जुन्या चिठ्ठ्या वापरून चौकात ४६ म्हणाली. काल ४१, आज ४६. झालं! हिच्या गल्ल्यात पाच रुपये वाढले, हे शेंबड्या पोरालाही कळलं. तुम्हाला वाटेल, असा हलगर्जीपणा कोण करतो? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत रशियाचे गुप्त संदेश अशाच एकदा वापरायच्या आकड्यांनी झाकून जात असत. पण घाईगर्दीत आकड्यांची काही पानं दोनदा छापली गेली. अमेरिकेतल्या उलगडा करणाऱ्या लोकांनी १९४३ पासून १९८० पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, तेवढ्या एका चुकीचा पिच्छा पुरवला आणि त्यातून कितीतरी संदेश वाचले. 'व्हेनोना' असं त्या कामाचं नाव. ते जगाला कळलं १९९५ मध्ये.

मला हे सगळं माझ्या धाकट्या भावाकडून कळलं. तो संगणकाचं शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत फराळ करता करता त्यानं मला तीन नाणी मांडून एक गोष्ट सांगितली. ती डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाची, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली. तीन मित्र एका महागड्या हॉटेलात गोल टेबलाभोवती जेवतात. बिल मागवतात तर वाढपी म्हणतो, "पैसे कधीच दिले गेलेत." आता ते त्या तिघांतल्याच कुणी गुपचूप दिले, की बाहेरच्या एका सरकारी टेहळणी संस्थेनं? मित्रानं दिले असतील तर त्याचं नाव उघड होऊ नये, पण बाहेरच्यानं दिले असतील तर ते कळायला हवं. मग शेजारचे दोघे-दोघे मेनूकार्डाच्या आडोशाला एकेक नाणं उडवतात. म्हणजे प्रत्येकाला डावीकडचं आणि उजवीकडचं अशी दोन नाणी दिसतात. दोन्ही सारखी पडली तर मोठ्यानं 'सारखी' म्हणायचं, नाहीतर 'वेगळी'. फक्त ज्यानं पैसे दिले असतील त्यानं उलटं सांगायचं. 'वेगळी' म्हणणारे सम आले तर पैसे बाहेरच्याचे, विषम आले तर आपल्यातल्याच एकाचे. पण कुणाचे, ते मात्र त्या दुसऱ्या दोघांनाही कळत नाही! छापा-काटा करून बघा. कुणीच उलटं बोललं नाही तर तीन नाण्यांत 'वेगळी' कधीही विषम येत नाहीत. आम्ही चकल्या संपेपर्यंत बघत होतो.

त्याच १९८८ सालात मायकेल बेन-ऑर, शफी गोल्डवॉसर आणि अवी विग्डरसन यांनी, आणि वेगळं काम करून चॉम, क्लोद क्रेपो आणि इव्हान दामगार्ड यांनी सिद्ध केलं की बेरीजच काय, कोणताही हिशेब असा करता येतो. अट एवढीच की प्रत्येक जोडीला आपापसात गुपचूप बोलता यावं आणि मंडळींतले फितूर एक तृतीयांशापेक्षा कमी असावेत. गड कितीही बेलाग असला तरी धोका फितुरीचा, हे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीतच आहे. ही नुसती कागदावरची करामत राहिली नाही. डेन्मार्कमध्ये साखर बीटापासून करतात. तिथले शेतकरी बीट पिकवून कारखान्याला घालण्याचे हक्क एकमेकांत विकत असत. कोण किती भावाला विकायला तयार आहे हे कारखान्याला कळलं, तर कुणाची नड किती आहे तेही कळेल, अशी शेतकऱ्यांना काळजी. ऊस घालणाऱ्या आपल्या घरांना ही काळजी समजावून सांगायला नको! २००८ च्या जानेवारीत सुमारे १२०० शेतकऱ्यांचे भाव अशाच वाटण्या करून तीन ठिकाणी ठेवले. एक वाटणी कारखान्याकडे, एक शेतकऱ्यांच्या संघटनेकडे, एक संशोधकांकडे. एकट्या वाटणीत काहीच दिसत नाही. तिन्ही ठिकाणच्या संगणकांनी मिळून बाजारभाव काढला आणि एकाही शेतकऱ्याचा आकडा कुणी पाहिला नाही.

आता मला याची गरज का पडली ते सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. दुपारच्या सुट्टीत खिचडी मिळते, मुलं पोटभर खातात. पण साडेअकरा-बाराच्या सुमाराला वर्ग कसा मलूल होतो. कुणी बाकावर डोकं टेकतं, कुणाच्या पोटात दुखतं. आमच्या गावातले बरेच आईबाप सकाळी सहालाच कामावर निघून जातात. मुलं चहा पिऊन येतात, कधी तोही नाही. किती मुलं अशी येतात, हे मला हवं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "आकडा द्या, मग शाळा समितीपुढे विषय घेतो." आकडा आणायचा कुठून? "सकाळी न खाता कोण आलंय, हात वर करा" असं म्हणून पाहा. एकही हात वर होत नाही. आपल्या घरात सकाळी काही नव्हतं, हे नऊ वर्षांचं मूल चारचौघांत सांगत नाही. आणि त्यानं ते का सांगावं?

तुम्ही म्हणाल, चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगा. अहो, चौथीच्या बाईंना अक्षर ओळखायला किती वेळ लागतो? नुसता एकडा काढला तरी कुणाचा ते मी सांगेन. मडक्यात चिंचोका किंवा खडा टाकायला सांगितलं असतं तर चाललं असतं, ते सोपंही आहे. पण मुलांनी मला रोखठोक विचारलं असतं की बाई, मडक्यावर लक्ष कोण ठेवणार? लक्ष ठेवणाऱ्यावर कोण? चिठ्ठ्यांच्या युक्तीत राखणदारच लागत नाही. शिवाय हातच्याची बेरीज आणि उसन्याची वजाबाकी यांचा सराव फुकटात!

वर्गात मुलं २७. अठ्ठाविसावी मी. हो, मीही त्यात बसले. त्याला कारण आहे. समजा, बेरीज एकच आली असती, तर मुलं लगेच एकमेकांकडे बघू लागली असती की तो एक कोण. मी स्वतः पहाटेच्या एस.टी.नं येते. घाईत माझंही खाणं राहून जातं, हे मुलांना ठाऊक आहे. तो एक बाई असू शकतात, एवढा आडोसा पुरेसा होता.

२८ जणांच्या जोड्या होतात ३७८. (कशा? प्रत्येकाला २७ जोडीदार. २८ गुणिले २७, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली म्हणून निम्मे.) इतक्या चिठ्ठ्या काढायच्या तर शाळेचा दिवस संपेल. म्हणून गोल बसायचं आणि दोन्ही शेजाऱ्यांबरोबर एकेक चिठ्ठी काढायची. उजवीकडची मिळवायची, डावीकडची वजा करायची. आकडे पाटीवर मांडायचे, उत्तर फळ्यावर लिहायचं आणि पाटी पुसायची. मुलांनी चार डबे तयार केले, चार कोपऱ्यांत ठेवले.

आधी रंगीत तालीम घेतली. प्रश्न साधा, तुमच्या घरी मांजरं किती? फळा भरला, बेरीज केली, शेवटचे दोन अंक : ८३! सगळा वर्ग हसायला लागला. एवढी मांजरं गावात असती तर उंदीर गाव सोडून गेले असते. मांजरांचं काही गुपित नव्हतं, म्हणून पाट्या पुसण्याआधी तपासल्या. दोघांची वजाबाकी उलटी झालेली. खालची संख्या मोठी दिसली की मुलं खालून वरची वजा करून मोकळी होतात! दुरुस्त केल्यावर मांजरं १९ निघाली. पण या युक्तीतली अडचणही सगळ्यांना कळली. एकानं गणित चुकवलं की सगळी बेरीज बिघडते, आणि चूक कुणाची ते पाट्या उघड्या केल्याशिवाय सापडत नाही.

तालमीतच एक मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या दोन्हीकडच्या दोघींनी मधल्या सुट्टीत आपापल्या चिठ्ठ्या एकमेकींना सांगितल्या तर त्यांना माझा आकडा काढता येईल." अगदी बरोबर! फितूर शेजारी. मग आम्ही दोन गोल करायचं ठरवलं. पहिल्या गोलात बसायचं, मग सोडत काढून जागा बदलायच्या आणि पुन्हा गोल. म्हणजे प्रत्येकाला चार जोडीदार. आता गुपित फोडायला बहुधा चौघांची एकी व्हायला हवी, आणि आमच्या वर्गात चौघांची एकी खेळाच्या तासालाही होत नाही.

मग एका सकाळी खरा प्रश्न विचारला. "आज सकाळी चहाशिवाय काही न खाता आला असाल, तर तुमचा आकडा १. खाऊन आला असाल तर ०." वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही पाहिलेली नाही. मुलं पाटीवर कोपर आडवं धरून लिहीत होती. पहिल्या खेपेला बेरीज आली ६४. माणसं २८ आणि उत्तर ६४, म्हणजे कुणाचं तरी गणित चुकलं. कुणाचं ते विचारायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. पाट्या पुसल्या, नव्या चिठ्ठ्या काढल्या. दुसऱ्यांदा आले ११. खात्रीसाठी पुन्हा नव्या चिठ्ठ्यांनी तिसऱ्यांदा केलं. पुन्हा ११.

त्या अकरांत मी होते की नव्हते, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.

फळा दिवसभर तसाच ठेवला. अठ्ठावीस आकडे, सगळ्यांसमोर. मुख्याध्यापकांनी पाहिले, खिचडी करणाऱ्या मावशींनी पाहिले, मुलांना न्यायला आलेल्या आयांनी पाहिले. एका मुलानं आपल्या आईला आपला आकडा बोट दाखवून सांगितला, "हा माझा, ५३!" ती म्हणाली, "म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "काहीच नाही!" आणि ते खरंच होतं.

समितीपुढे विषय आला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "त्या अकरा जणांची नावं द्या, त्यांची सोय करू." नावं नव्हतीच! माझ्याजवळ नव्हती, कुणाजवळच नव्हती. मग दुसरा मार्ग उरला नाही. पहिल्या छोट्या सुट्टीत सगळ्याच मुलांना मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्यायचं ठरलं. समितीतल्या दोघा शेतकऱ्यांनी शेंगदाण्याचं पोतं दिलं. ज्यांच्या घरी सकाळी पोहे-उपमा होतो तीही मुलं रांगेत उभी राहतात, आणि कोण कशासाठी उभं आहे हे कळत नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं. वाटलं होतं आकडा तेवढाच राहील, फार तर एखाददुसरा कमी होईल. आला १४. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेत मिळतं म्हणून घरून खाऊन येणं सोडलं असेल." मला तसं वाटत नाही. मला वाटतं, पहिल्या वेळी काही मुलांनी पोटात भूक असूनही शून्यच धरला होता. कुणाला काहीच कळलं नाही हे बघितल्यावर त्यांना धीर आला. आमच्या दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरवायला त्या मुलांना विचारावं लागेल, आणि ती कोण ते तर आम्ही मुद्दामच कळू दिलेलं नाही. बेरीज तेवढंच सांगते.

पुढची मोजणी परीक्षा झाल्यावर करायची आहे. पण एका डब्यातल्या ४६ आणि ७९ या दोन चिठ्ठ्या हरवल्या आहेत. त्या नव्यानं लिहून टाकल्याशिवाय तो डबा वापरायचा नाही, असं मुलांनी मला बजावून ठेवलंय. का बरं? सांगा पाहू!